एका थेंबावर किती भरवसा?

हिमायतनगर हा नांदेड जिल्ह्याच्या टोकाकडचा तालुका. उत्तरेला पैनगंगा आणि नदीपलीकडे विदर्भ, पूर्वेला किनवट-माहूरचा डोंगराळ आदिवासी पट्टा, आणि मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्ग धरून पुढे गेले की तेलंगण. कापूस वेचणारी, सोयाबीन काढणारी, उन्हातान्हात खुरपणी करणारी बाई या भागात दवाखान्यात येते ती बहुधा एकाच तक्रारीने: थकवा येतो, धाप लागते, पाय गळून जातात. आणि तिला उत्तरही बहुधा एकच मिळते, ‘अंगात रक्त कमी आहे.’ बोट टोचतात, यंत्रावर एक आकडा उमटतो आणि तो कार्डावर लिहिला जातो. पुढचे सगळे त्या आकड्यावर ठरते. तो १० च्या पुढे असेल तर लाल गोळ्या, त्याहून खाली असेल तर गोळ्या वाढवायच्या, आणखी घसरला तर शिरेतून लोहाची सलाइन, आणि फारच कमी असेल तर थेट नांदेडची वाट. गरोदर बाईच्या बाबतीत बाळंतपण गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात होणार की विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, याचा निर्णयही पुष्कळदा हाच आकडा करतो. ज्या आकड्यावर इतके अवलंबून आहे तो कसा निघतो, कुठे चुकतो आणि काय सांगू शकत नाही, हे आकडा लिहिणाऱ्यांइतकेच ज्यांच्या कार्डावर तो लिहिला जातो त्यांनाही माहीत असायला हवे.

हिमोग्लोबिनची मोजणी हे सार्वजनिक आरोग्यातले अत्यंत मोलाचे साधन आहे आणि ती बंद करा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. अडचण निराळी आहे. प्रत्येक वैद्यकीय मोजमाप एका विशिष्ट कामासाठी पुरेसे असते आणि दुसऱ्या कामासाठी अपुरे. बोटाच्या एका थेंबातून निघालेला आकडा ‘या बाईकडे लक्ष द्यायला हवे का?’ या प्रश्नाला चांगले उत्तर देतो. ‘तिला नेमके झाले काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नसते, आणि ‘महिनाभराच्या औषधाने तिच्यात किती फरक पडला?’ याचे उत्तर तो डळमळीतच देतो. आपली व्यवस्था मात्र हे तिन्ही प्रश्न त्याच एका थेंबाला विचारते. त्यामुळे यंत्र बरोबर चालत असतानाही उपचार चुकू शकतो.

आधी मोजतात ते काय, हे पाहू. हिमोग्लोबिन म्हणजे तांबड्या पेशींमधले लोहयुक्त प्रथिन. फुप्फुसातला प्राणवायू शरीरभर पोचवणे हे त्याचे काम. १०० मिलिलिटर रक्तात ते किती ग्रॅम आहे हे मोजतात. बोलताना आपण त्यालाच ‘आठ टक्के’, ‘दहा टक्के’ म्हणतो. स्वित्झर्लंडच्या हरमान साली यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केलेली पद्धत आपल्याकडच्या आरोग्य केंद्रांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालली. २० मायक्रोलिटर रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळायचे, ते तपकिरी होऊ द्यायचे, मग थेंब थेंब पाणी घालत त्याचा रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा आणि नळीवरची खूण वाचायची. या पद्धतीत निर्णय करतो तो माणसाचा डोळा. खोलीतला उजेड, काचेचा उडालेला रंग, आम्लाला पुरेसा वेळ न देणे, सकाळपासून पन्नास नळ्या पाहून थकलेली नजर, या सगळ्यांचा हिशेब आकड्यात मिसळतो. आता बहुतेक ठिकाणी डिजिटल यंत्र आले आहे. पट्टीवर किंवा लहानशा चकतीत थेंब घ्यायचा, प्रकाश किती शोषला गेला हे यंत्र मोजते आणि मिनिटभरात आकडा दाखवते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाने अशा यंत्रांवरच भर दिला. तिसरा मार्ग म्हणजे शिरेतून नळीभर रक्त घेऊन प्रयोगशाळेतल्या स्वयंचलित यंत्रावर करायची संपूर्ण रक्ततपासणी, जिला सगळे सीबीसी म्हणतात.

डिजिटल यंत्राने डोळ्याची चूक काढून टाकली, हा मोठा लाभ आहे. पण यंत्र समोर आलेला थेंब मोजते, बाई नाही. थेंब घेताना बोट जोरात दाबले तर रक्तात पेशींभोवतीचे पाणी मिसळते आणि आकडा खाली येतो. पहिला थेंब पुसला नाही, बोटावरचे स्पिरिट वाळू दिले नाही, टोचणी उथळ झाली, हात गार पडलेला होता, पट्ट्यांचा डबा दमट हवेत उघडा राहिला, यातल्या प्रत्येक गोष्टीचा परिणाम होतो. आणि सगळे नीट केले तरीही एक अडचण उरतेच. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये एकाच बोटातून एकापाठोपाठ निघालेले थेंब वेगवेगळे मोजून पाहिले, तेव्हा थेंबाथेंबांत लक्षणीय तफावत निघाली. शिरेतल्या रक्ताइतकी स्थिरता यायला सहा ते नऊ थेंबांची सरासरी काढावी लागली. म्हणजे हा दोष नर्सबाईंच्या हाताचा नाही, कंपनीच्या यंत्राचाही नाही. बोटाच्या टोकाशी केशवाहिन्यांतून येणारे रक्तच थेंबागणिक थोडे वेगळे असते. शिबिरात शंभर बायकांची रांग उभी असताना प्रत्येकीचे नऊ थेंब कोणी मोजणार नाही, आणि मोजावेत असे सुचवणेही योग्य नाही. पण एका थेंबाच्या आकड्याभोवती अनिश्चिततेचा एक पट्टा असतो, एवढे गृहीत धरूनच तो वाचला पाहिजे.

हा पट्टा कुठे नडतो आणि कुठे नडत नाही, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. एखाद्या गरोदर बाईचे हिमोग्लोबिन यंत्राने ५.४ दाखवले आणि खरे ६.१ असेल, तरी निर्णय बदलत नाही. तिला ताबडतोब मोठ्या रुग्णालयाची गरज आहे. एखाद्या मुलीचे १३ दाखवले आणि खरे १२.४ असेल, तरीही काही बिघडत नाही. नडते ते उंबरठ्यावर. गरोदरपणात ७ च्या खाली गेले की ॲनिमिया तीव्र ठरतो आणि उपचाराची दिशाच बदलते. मग ६.८ आणि ७.२ यांतला फरक खरा आहे की थेंबाचा, हे एका टोचणीतून कळत नाही. याहून जास्त नडते ते पाठपुराव्यात. ठरलेल्या पद्धतीनुसार सौम्य वा मध्यम ॲनिमिया असलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या देऊन महिन्याने पुन्हा मोजायचे असते, आणि महिनाभरात किमान १ ग्रॅमची वाढ झाली नाही तर तिला पुढे पाठवायचे असते. नियम शहाणपणाचा आहे. पण दोन मोजण्यांमध्ये मिळून १ ग्रॅमची हालचाल निव्वळ थेंबामुळेही होऊ शकते. गोळ्या नेमाने घेणाऱ्या बाईचा आकडा जागच्या जागी दिसतो आणि तिला ऐकावे लागते की तू गोळ्या फेकून देतेस. उलट जिला गोळ्या लागूच पडत नाहीत तिचा आकडा योगायोगाने वर दिसतो आणि तिच्या आजाराचे खरे कारण शोधायचे राहून जाते. दोन्हीकडे किंमत मोजते ती बाईच.

गावपातळीवरचा हाच प्रश्न देशपातळीवर किती मोठा होतो, याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. चौथ्या फेरीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. लहान मुलांमध्ये ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. एवढ्या काळात गोळ्यांचे वाटप वाढले, कार्यक्रम वाढले आणि ॲनिमियाही वाढला, असे चित्र उभे राहिले. पण याच सुमारास, २०१६-१८ मध्ये, झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये देशभरात सुमारे ४१ टक्के ॲनिमिया नोंदवला होता. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीचा आकडा जवळपास ५९ टक्के होता आणि पाचव्या फेरीत तो ६७ टक्क्यांवर पोचला. वयोगट तंतोतंत एक नाही, तरी एवढी तफावत वयाने उलगडत नाही. महत्त्वाचा फरक असा की कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने बोटाचा थेंब घेतला होता, तर पोषण सर्वेक्षणाने शिरेतले रक्त घेऊन प्रयोगशाळेत मोजले होते. यावर देशात मोठा वाद झाला. शेवटी कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून ॲनिमियाची मोजणी वगळली गेली आणि ते काम शिरेतले रक्त तपासणाऱ्या स्वतंत्र आहार व जैवनिर्देशक सर्वेक्षणाकडे सोपवण्याचे ठरले. मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या नव्या मार्गदर्शक सूचनांत शिरेतले रक्त आणि स्वयंचलित यंत्र यांनाच पसंती दिली.

इथे एक साधार शंका येते. एकेका व्यक्तीच्या मोजणीत चूक असेल, पण लाखो लोक मोजल्यावर कमी-जास्त चुका एकमेकींना खोडून काढत नाहीत का? सरासरीपुरते हे खरे आहे. पण ॲनिमियाचे प्रमाण ही सरासरी नसते. ठरावीक रेषेच्या खाली किती जण आहेत, याची ती गणती असते. समजा, एखाद्या गटातल्या बहुतेक स्त्रियांचे खरे आकडे १२ च्या थोडे वर आहेत. मोजणीच्या चुकीने काहींचे आकडे वर ढकलले जातील, काहींचे खाली. वर गेलेल्या आधीही निरोगीच होत्या, त्यांच्यामुळे गणती बदलत नाही. खाली गेलेल्या मात्र रेषा ओलांडून ‘ॲनिमिया’च्या रकान्यात जातात. सरासरी जागेवर राहते आणि प्रमाण फुगते. शिवाय बोट दाबण्यासारखी चूक सगळ्यांच्या बाबतीत एकाच दिशेने होते. तिला खोडून काढणारे काही नसते, मग माणसे हजार मोजा की दहा लाख. म्हणून संख्या मोठी आहे एवढ्यावर मोजणी खरी ठरत नाही.

आता त्या रेषेकडेच पाहू. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये घालून दिली. ती ठरवताना हाताशी असलेली माहिती थोडी होती आणि मुख्यत्वे पाश्चात्त्य देशांतली होती. पोषण सर्वेक्षणातल्या निरोगी भारतीय मुलांचे रक्त पाहून २०२१ मध्ये भारतीय संशोधकांनी असे मांडले की निदान मुलांसाठी तरी ही मर्यादा आपल्याकडे खाली असायला हवी. २०२४ मध्ये जागतिक संघटनेने काही मर्यादा बदलल्या. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांसाठी ती ११ वरून १०.५ झाली, आणि गरोदरपणाच्या मधल्या तिमाहीसाठीही १०.५ ठरली. या दुसऱ्या बदलामागचे कारण प्रत्येक गरोदर बाईला आणि तिच्या सासूला ठाऊक असावे असे आहे. गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग जवळपास निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी मात्र तितक्या वाढत नाहीत. रक्त थोडे पातळ होते आणि आकडा खाली उतरतो. बाळापर्यंत रक्त सुरळीत पोचावे म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे. त्यामुळे पाचव्या महिन्यात आकडा थोडा घसरला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. उलट, उतरायला हवा तेव्हा तो उतरला नाही आणि चढाच राहिला, तर रक्ताचे पाणी पुरेसे वाढले नसल्याची ती खूण असू शकते आणि अशा बाईच्या रक्तदाबाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. एकच ११ हा आकडा मोजणीच्या महिन्यानुसार वेगवेगळे सांगतो.

यापुढचा प्रश्न सगळ्यांत मोठा: रक्त कमी का आहे? हिमोग्लोबिनचा आकडा ‘किती’ सांगतो, ‘का’ सांगत नाही. आपल्याकडे लोहाची कमतरता हे सर्वांत मोठे कारण आहे, यात शंका नाही. ज्वारी आणि डाळींमधले फायटेट लोहाला अडवून धरते, जेवणाबरोबरचा चहा त्यात भर घालतो, पाळीत जाणारे रक्त, पोटातले जंत, पाठोपाठची बाळंतपणे लोह संपवत राहतात. पण सगळा ॲनिमिया लोहाचा नसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा तिघांतल्या दोघांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ब-१२ च्या अभावी होणारा ॲनिमिया लोहाच्या गोळीने हटत नाही. सीबीसीमध्ये हिमोग्लोबिनबरोबर पेशींचा सरासरी आकारही कळतो. पेशी लहान असतील तर लोह कमी किंवा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचा अंश, मोठ्या असतील तर ब-१२ किंवा फॉलिक आम्लाची उणीव, अशी दिशा मिळते. पेशी लहान पण संख्येने भरपूर असतील तर थॅलेसेमियाकडे बोट जाते. सीबीसीलाही मर्यादा आहेत. लोह आणि ब-१२ दोन्ही कमी असले तर एक पेशीला लहान करते, दुसरे मोठी करते, आणि सरासरी आकार नॉर्मल दिसतो. साठलेले लोह दाखवणारी फेरिटिनची तपासणी करावी, तर शरीरात जंतुसंसर्ग असताना फेरिटिन आपोआप वाढते आणि कमतरता झाकली जाते. दोष नसलेले मोजमाप सापडणार नाही. म्हणून एका मोजमापाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची असते.

हिमायतनगर-किनवट-माहूर या पट्ट्यात ‘का’ हा प्रश्न टाळणे तर मुळीच परवडणारे नाही, कारण इथल्या आदिवासी समाजांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष आढळतो. दोन्ही पालकांकडून हा दोष आलेल्या मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात, लवकर फुटतात, बारीक वाहिन्यांत अडकतात. अंगदुखीचे असह्य झटके, वारंवार कावीळ आणि ताप, आणि कायम कमी हिमोग्लोबिन हे त्याचे रूप. अशा मुलीचे हिमोग्लोबिन ७.५ आले आणि तिला दरवर्षी निळ्या-लाल गोळ्याच देत राहिले, तर आजार ओळखण्याची वर्षे वाया जातात. तिच्या शरीरात लोह कमी नसेल, वारंवार रक्त चढवले गेले असेल, तर अनावश्यक लोह साठून अपायही होतो. सिकलसेलसाठी गावात करता येणारी सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आणि उपयोगी आहे, पण तिलाही हद्द आहे. ती दोष आहे एवढे सांगते. व्यक्ती निव्वळ वाहक आहे की आजारी, हे तिला सांगता येत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असल्याने ती फसते, आणि ॲनिमिया फार तीव्र असला तरीही फसू शकते. म्हणून पुढे प्रयोगशाळेत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करून खात्री करावी लागते. जुलै २०२३ मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचे यश किती जणांची चाचणी झाली यापेक्षा, पहिली चाचणी होकारार्थी आलेल्या किती जणांना पक्के निदान आणि उपचार मिळाले, यावर मोजायला हवे.

ॲनिमिया आणखी एक काम करतो, ज्याची चर्चा फार कमी होते. तो दुसऱ्या मोजमापांना फसवतो. मधुमेहासाठी आता सर्रास होणारी एचबीए१सी ही तपासणी घ्या. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटत जाते. किती चिकटली यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते, आणि ६.५ किंवा अधिक आले की मधुमेह. हा सगळा हिशेब पेशीच्या आयुष्यावर बेतलेला आहे. सिकलसेलमध्ये पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि मधुमेह असूनही आकडा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत पेशी तुलनेने जुन्या असतात, म्हणून आकडा थोडा फुगू शकतो. ज्या भागात निम्म्या स्त्रियांमध्ये ॲनिमिया नोंदला जातो, तिथे उंबरठ्यावरच्या एचबीए१सीवरून कोणालाही मधुमेही ठरवण्याआधी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहणे आवश्यक आहे.

पल्स ऑक्सिमीटरचेही असेच. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून हे यंत्र जन्मले आणि सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताईंच्या हातून ते महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश बोटातून पाठवून ते हिमोग्लोबिनचा किती हिस्सा प्राणवायूने भरलेला आहे हे दाखवते. हिस्सा दाखवते, साठा नाही. हिमोग्लोबिन १४ असलेल्या माणसाचे यंत्र ९८ दाखवते, तेव्हा त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १८ मिलिलिटर प्राणवायू असतो. हिमोग्लोबिन ६ असलेल्या बाईचेही यंत्र ९८ च दाखवू शकते, पण तिच्या रक्तात प्राणवायू आठ मिलिलिटरही नसतो. धाप लागलेल्या अशा बाईला ‘ऑक्सिजन तर चांगला आहे’ म्हणून घरी पाठवणे धोक्याचे आहे. त्वचेच्या रंगाचाही प्रश्न आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवले की यंत्राने ९२ ते ९६ दाखवलेले असताना प्रत्यक्षात प्राणवायू धोकादायक पातळीवर उतरलेला असण्याचे प्रमाण गौरवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होते. उन्हात राबून रापलेल्या आपल्या माणसांसाठी यातला धडा स्पष्ट आहे. यंत्र कोणाच्या अंगावर पारखून घेतले, हेही विचारले पाहिजे.

या सगळ्यावर पहिला आक्षेप अनुभवी डॉक्टर घेतात. त्यांचे म्हणणे असे की आकड्यांचा एवढा ऊहापोह कशाला, पापणी खाली ओढून पाहिली, नखे आणि जीभ पाहिली की रक्त किती आहे ते कळते. अनुभवाचा मान ठेवूनही हे पुरेसे नाही असेच म्हणावे लागेल. फिकेपणा डोळ्यांना दिसतो तो मुख्यतः ॲनिमिया तीव्र झाल्यावर. सौम्य आणि मध्यम ॲनिमियाच्या बायका या नजरेतून मोठ्या संख्येने सुटतात, आणि उपचार सर्वांत सोपा असतो तो याच टप्प्यावर. डॉक्टरांच्या नजरेचे खरे स्थान आकड्याच्या जोडीला आहे. पापणी पांढरीफटक दिसते आणि यंत्र ११ दाखवते, किंवा बाई टवटवीत आहे आणि यंत्र ६ दाखवते, अशा वेळी मोजणी पुन्हा करावी असे सांगणारी ती पहिली खूण आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो गरिबीच्या बाजूने येतो. तालुक्याच्या ठिकाणीही जिथे सोयी अपुऱ्या पडतात, तिथे शिरेतले रक्त, सीबीसी, एचपीएलसी यांची भाषा करणे म्हणजे आहे तेही बंद पाडणे नव्हे का? याचे उत्तर महाराष्ट्रातच, गडचिरोलीत, मिळालेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांच्या न्यूमोनियावर काम केले, तेव्हा क्ष-किरण यंत्र गावोगावी नेणे शक्य नव्हते. मिनिटाला श्वास किती, यावरून न्यूमोनियाचा अंदाज घेता येतो. पण अक्षरओळख नसलेल्या दायांना पन्नास-साठपर्यंत मोजणे अवघड होते. त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेला श्वासमापक तयार झाला. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला तर उपचार सुरू करायचे. गावातच औषध देण्याच्या या कामाने न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले, हे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. श्वास मोजणे हे अगदी ढोबळ मोजमाप. तरी ते यशस्वी झाले, कारण ते एकाच निर्णयासाठी योजलेले होते, त्या निर्णयाला लागेल तेवढी अचूकता त्यात होती, आणि आकड्यानंतर काय करायचे हे आधीच ठरलेले होते. तेव्हा प्रश्न स्वस्त की महाग, असा नाहीच. बोटाचा थेंब ही चाळणी आहे, आणि चाळणीचे काम तिने उत्तम करावे. चाळणीवर राहिलेल्यांसाठी मात्र पुढची तपासणी हवी. आणि ती अशक्य नाही. ‘महालॅब’ योजनेतून राज्यातल्या सरकारी आरोग्य संस्थांमध्ये घेतलेले रक्त प्रयोगशाळेत जाऊन अहवाल विनामूल्य परत येतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर मातांची तपासणी होते. व्यवस्था उभी आहे. कोणाला पुढे पाठवायचे याची शिस्त घट्ट करायची आहे.

तिसरी भीती आशाताई आणि नर्सबाई बोलून दाखवतात ती अशी की आकड्यावर शंका घेतली तर लोक गोळ्या घेणेच सोडतील. आधीच मळमळ, काळी शी आणि बद्धकोष्ठ यांमुळे पुष्कळ बायका गोळ्या टाळतात, हे खरे आहे. म्हणूनच स्पष्ट सांगायला हवे की गरोदरपणातल्या १८० दिवसांच्या गोळ्या कोणत्याही आकड्याची वाट न पाहता घ्यायच्या असतात, कारण त्या काळात लोहाची गरजच वाढलेली असते. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचे निदान झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे. विश्वास टिकतो तो खरे सांगितल्याने. ‘मागच्या वेळी नऊ होते, आज साडेआठ आले, हा फरक मोजणीचाही असू शकतो, आपण शिरेतले रक्त एकदा तपासू’ असे ऐकलेली बाई गोळ्या सोडत नाही. गोळ्या नेमाने घेऊनही ‘तू घेत नाहीस’ असे ऐकलेली बाई मात्र दवाखान्याची पायरी पुन्हा चढत नाही.

यातून निघणाऱ्या मागण्या साध्या आहेत आणि तालुका पातळीवर पुऱ्या होण्यासारख्या आहेत. कार्डावर हिमोग्लोबिन लिहिताना शेजारी पद्धतही लिहावी: बोट की शीर, कोणते यंत्र. एकाच बाईचा पाठपुरावा शक्यतो एकाच पद्धतीने व्हावा. यंत्राची पडताळणी ठरलेल्या वेळी व्हावी आणि तिची नोंद भिंतीवर दिसावी. आकडा ७ च्या आसपास असेल, महिनाभर गोळ्या घेऊनही हलत नसेल, किंवा घरात कोणाला सिकलसेल असेल, तर शिरेतल्या रक्ताची सीबीसी आणि गरजेप्रमाणे पुढची तपासणी हा त्या बाईचा हक्क समजला जावा. आणि आपण, ज्यांच्या कार्डावर हे आकडे लिहिले जातात त्यांनी, संकोच न करता चार गोष्टी विचाराव्यात: हे कशाने मोजले, माझ्या वयाला आणि माझ्या महिन्याला किती असायला हवे, कमी का आहे, आणि आता पुढे काय करायचे. मोजमापाने मराठवाड्यातल्या स्त्रियांचा थकवा पहिल्यांदा नोंदीत आणला, त्यांचे दुखणे ‘बाईमाणसाचे रोजचेच’ या सबबीतून बाहेर काढले. ते काम अर्ध्यावर सोडायचे नसेल, तर कार्डावर आकडा लिहून झाल्यावर त्या बाईची तपासणी पुरी झाली असे कोणीही मानू नये.